तार की छत्री?

काही प्रश्न दिसायला अगदी घरगुती असतात. टीव्हीसाठी केबलची तार ठेवायची की गच्चीवर छत्री बसवायची, हा त्यातलाच एक. आमच्या शहाद्याच्या घरी तो २०१५ च्या अखेरीस आला आणि चांगले दोन महिने त्यावर खल चालला. पण हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो त्याच्या दहा वर्षे आधी, शहाद्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, सातपुड्यात तोरणमाळला.

तोरणमाळच्या आश्रमशाळेत मी काही वर्षे इतिहास शिकवला. शाळा सुटली की यशवंत तलावाकडे फेरी आणि येताना वाटेवरच्या टपरीत चहा, हा माझा नेम. टपरी चालवणारे गृहस्थ पावरा समाजाचे. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणे. २००५ सालची महाशिवरात्रीची यात्रा नुकतीच आटोपली होती. त्यात चार पैसे हाती आल्यामुळे दादा टीव्ही घेण्याच्या विचारात होते. ते म्हणाले, "सर, खाली तुमच्या घरी तार आहे. महिन्याला पैसे दिले की सगळं दिसतं. ती तार इथवर का येत नाही?"

मला आधी हसू आले. मग लक्षात आले की याचे नीट उत्तर आपल्यापाशी नाही. दिवाळीनंतर मुलांच्या हजेरीपटातली नावे का गळतात, हे मला ठाऊक होते. तार घाटाखाली का थांबली, याचा मात्र मी कधी विचार केला नव्हता. पुढे तो करत गेलो, तेव्हा आपल्याकडच्या दूरचित्रवाणीचा इतिहास मला वेगळाच दिसू लागला.

आपली समजूत अशी असते की केबल ही जुनी गोष्ट आणि छत्री नवी. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली १५ सप्टेंबर १९५९ ला आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ती पुण्यात दिसू लागली. पण या मनोऱ्यांची एक मर्यादा होती. टीव्हीची लहर बहुतांशी सरळ रेषेत जाते. वाटेत डोंगर आला की ती अडते. सगळ्या देशाला चित्र दाखवायचे तर किती मनोरे उभारणार आणि किती वर्षे?

विक्रम साराभाईंनी यावर उपाय सुचवला होता. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर उपग्रह ठेवला, तर तो पृथ्वीबरोबरच फिरतो आणि आपल्याला आकाशात एका जागी उभा असल्यासारखा भासतो. त्याच्याकडून चित्र थेट खेड्यात उतरवायचे. शहरांची पाळी मागाहून आली तरी चालेल. अमेरिकेच्या नासा या संस्थेशी त्यासाठी १९६९ मध्ये करार झाला. साराभाई १९७१ मध्ये गेले, पण प्रयोग झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांमध्ये जाळीच्या, दहा फूट व्यासाच्या छत्र्या उभ्या राहिल्या. शेती, आरोग्य, शिक्षण यांवरचे कार्यक्रम गावकऱ्यांनी एकत्र बसून पाहिले. हाच तो 'साइट' प्रकल्प. त्या सहा राज्यांत शेजारचा मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता.

म्हणजे आपल्या देशात उपग्रहाची छत्री शहरांतल्या केबलच्या आधी खेड्यात आली होती. वर्षभराने अमेरिकेने उपग्रह परत नेला आणि ती वाट तिथेच थांबली. ३० ऑगस्ट १९८३ रोजी आपला इन्सॅट-१बी अवकाशात गेला. १९८४ पासून गावोगावी कमी ताकदीची क्षेपण केंद्रे निघाली. ती उपग्रहावरून चित्र घेत आणि आसपासच्या परिसरात मनोऱ्यावरून सोडत. घराच्या कौलांवर अॅल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना आले ते याच काळात. कुणीतरी वर चढायचे, कुणीतरी खालून ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" डोंगरापलीकडच्या गावांना मात्र पडद्यावर मुंग्याच दिसत.

केबलचा जन्म शहरात झाला. १९८२ च्या आशियाई स्पर्धांबरोबर रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हिडिओ. मुंबईत इमारतीत एक व्हिडिओ लावून त्याची तार घरोघर द्यायची, असा धंदा सुरू झाला. १९९१ मध्ये आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून आली, त्याच वर्षी स्टार टीव्ही आला आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी सुरू झाला. केबलवाल्याने गच्चीवर मोठी छत्री लावली आणि व्हिडिओसाठी टाकलेल्याच तारांतून हे सगळे सोडले. सरकारला जाग आली, तोवर तारांचे जाळे देशभर पसरले होते. १९९५ च्या कायद्याने केबलचालकांना नोंदणी सक्तीची झाली. ती करायची कुठे, तर मोठ्या पोस्टात! साराभाईंनी खेड्यासाठी पाहिलेला उपग्रह अशा रीतीने शहरातल्या गल्लीत उतरला.

दादांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. केबल म्हणजे तरी काय? एकाच्या गच्चीवरची छत्री आणि तिची शेकडो घरांनी केलेली वाटणी. तारेत चित्राचा जोर कमी होत जातो, म्हणून ठरावीक अंतरावर तो वाढवणारा अॅम्प्लिफायर लागतो. त्याला वीज लागते आणि बिघडला की माणूस धाडावा लागतो. भिंतीला भिंत लागून घरे असली तरच हा खर्च परवडतो. शहाद्याच्या एका गल्लीत शंभर घरे निघतील. अक्राणी तालुक्यातले पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले. एका घरातून हाक मारली तर दुसऱ्या घरी ऐकू जाईल, पण तार न्यायची तर मधे ओढा आणि खाई. तार दाट वस्तीच्याच मागे जाते, म्हणून ती घाट चढून वर आली नाही.

मग राहिली ज्याची त्याने आपल्या घरी लावायची लहान छत्री. तिच्यावर १९९७ मध्ये सरकारने बंदीच घातली होती. परदेशी कंपनी थेट घरात शिरेल, तिच्यावर अंकुश कसा ठेवायचा, ही धास्ती होती. बंदी नोव्हेंबर २००० मध्ये उठली. पहिली खासगी सेवा २००३ मध्ये आली आणि १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनची 'डीडी डायरेक्ट प्लस' सुरू झाली. तीवर टीव्हीच्या ३३ वाहिन्या होत्या, आकाशवाणीच्याही १२ होत्या आणि दरमहा एक पैसाही द्यावा लागत नव्हता. 'साइट'नंतर तब्बल अठ्ठावीस वर्षांनी उपग्रह पुन्हा खेड्याच्या अंगणात आला.

दादांना मी हे सांगितले. त्यांनी विचारले ते एवढेच, "महिन्याचे पैसे नाहीत ना, सर? नक्की?"

या प्रश्नामागे सबंध तालुक्याचे अर्थकारण होते. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि होळीला किंवा त्याहीनंतर परततात. हातात पैसा येतो तो एकदम आणि जातोही एकदम. घराला चार महिने कुलूप असताना केबलचे भाडे कोण भरणार? केबल आणि पैसे देऊन घ्यायची छत्री, दोन्ही दरमहा पगार मिळणाऱ्या माणसाच्या सोयीच्या. एकदाच पैसे भरायची छत्री हंगामी कमाईच्या माणसाला परवडते. पुढे 'फ्री डिश' हे नाव मिळालेली ही सेवा अंदाजे चार कोटींहून अधिक घरांत पोचली, त्याचे एक मोठे कारण हेच असावे.

दादांची छत्री शहाद्याहून जीपच्या टपावर बांधून आली. तिचा खांब भिंतीला ठोकायचा असतो, पण दादांच्या घराच्या भिंती कुडाच्या. शेवटी अंगणात खड्डा खणून, दगड ठासून खांब उभा केला. तोंड आग्नेयेला आणि चांगले वर, जमिनीशी पंचावन्न अंशांहून थोडे अधिक. भूगोलाच्या सरांनी कंपासपेटीतला कोनमापक आणला होता. "आलं, आलं... गेलं!" हा गजर तोरणमाळच्या डोंगरातही घुमला आणि तासाभराने चित्र स्थिर झाले. आजूबाजूच्या टेकड्यांचा काही अडथळा आला नाही, कारण छत्री पाहत होती ती थेट टेकड्यांच्या वर.

अडचणी होत्याच. भारनियमनाचे दिवस होते, वीज असेल तेव्हाच चित्र. सातपुड्यातला पाऊस दणकून आला की पडद्यावरचे चित्र तुकडे तुकडे होई. केबलवाल्याची मोठी छत्री ज्या लहरी पकडते त्यांना पावसाचा फारसा त्रास नाही. घरच्या लहान छत्रीच्या लहरी आखूड, त्या जोरदार पावसात विरतात. पुढे २००७ मध्ये दूरदर्शनने ही सेवा परदेशी उपग्रहावरून आपल्या इन्सॅट-४बी वर हलवली, तेव्हा चित्र गायब झाले. दादांना वाटले टीव्ही बिघडला. प्रत्यक्षात छत्री दीडेक अंश सरकवायची होती, पण ते सांगायला त्यांच्याकडे कोण येणार?

आमच्या वर्गातही फरक पडला. पावरी बोलणारी मुले हिंदी भराभर बोलू लागली. मराठीसाठी सह्याद्री वाहिनी होती, तिचाही उपयोग झाला. पावरी मात्र त्या ३३ वाहिन्यांपैकी एकीवरही नव्हती.

आता आमच्या घरची गोष्ट. केबलच्या डिजिटलीकरणाचा कायदा २०११ मध्ये झाला. मुंबईसारख्या महानगरांचा टप्पा २०१२ मध्ये आणि पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांचा २०१३ मध्ये पार पडला. शहाद्यासारख्या गावांसाठी ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत ठरली. पुढे ती न्यायालयांत अडखळली, पण सेट टॉप बॉक्स घेणे टळणार नव्हते. आता बॉक्स घ्यायचाच, तर केबलवाल्याचा का? छत्रीच बसवू, असे मुलाचे म्हणणे. चित्र स्वच्छ, शिवाय गल्लीतली वीज गेली म्हणून आपला टीव्ही बंद पडायचा नाही. त्याचे चुकत नव्हते.

आई मात्र ऐकेना. केबलवर आमच्या गावची एक स्थानिक वाहिनी होती. तीवर सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे दिसत, गणपतीची मिरवणूक दिसे, शाळांची संमेलने दिसत आणि 'उद्या पाणी येणार नाही' ही पट्टीही तीवरच फिरे. आई म्हणाली, "छत्रीवर दिल्ली दिसेल रे, पण आपला चौक दिसायचा नाही." शिवाय महिन्याच्या सुरुवातीला पैसे न्यायला येणारा केबलचा मुलगा तिच्या ओळखीचा. तो चहा घेई आणि जाता जाता टीव्हीचा सैल झालेला प्लग नीट करून देई.

आम्ही तार ठेवली. फेब्रुवारी २०१९ मध्ये वाहिन्यांच्या दरांचे नवे नियम लागू झाले. शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये अधिक कर, आणि सशुल्क वाहिन्या हव्या त्या वेगळ्या निवडायच्या. ती निवड भल्याभल्यांना उमगत नव्हती. तो मुलगा आमच्या ओटीवर तासभर बसला आणि आईला विचारून विचारून कागदावर खुणा करत गेला. ते पाहताना मला दादांची सरकलेली छत्री आठवली. उपग्रह दोघांसाठीही आकाशातच होता. फरक एवढाच की आईच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस होता, दादांच्या छत्रीला नव्हता. उलट दादांवर कुणाची दरमहा देणी नव्हती, आणि ते कुणावर अवलंबूनही नव्हते. तार की छत्री ठरवताना आपण चित्राची स्वच्छता आणि वाहिन्यांची संख्या पाहतो. खरे तर अडचणीला कुणाला हाक मारायची आणि ती हाक त्याला ऐकू जाईल का, हेही पाहायला हवे.

आता दोन्हींचे दिवस उतरणीला लागले आहेत. दूरदर्शनने आपले जुने मनोरे २०२२ पर्यंत बहुतेक सगळे बंद केले. शहाद्यातली पोरे सगळे काही मोबाईलवर पाहतात. अलीकडे तोरणमाळला गेलो, तेव्हा अंगणातली छत्री गंजलेली दिसली, पण तोंड तिकडेच होते, आग्नेयेला. मोबाईल असताना ही कशाला, असे मी विचारले. दादा म्हणाले, "मोबाईलला डोंगर आडवा येतो, सर. खालच्या पाड्यांत अजून कुठं कुठं रेंज नाही. छत्री तिथंही चालते."

मग चहा ओतता ओतता त्यांनी विचारले, "सर, आपली शिवरात्रीची यात्रा कधी दिसेल हिच्यावर?" वीस वर्षांपूर्वीच्या तारेच्या प्रश्नाचे उत्तर मला निदान शोधता तरी आले होते. याचे उत्तर अजून देता आलेले नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)