सांतोसचे कालवे, सांतोसचे शिंपले आणि समुद्रातले कोकेन

१/
मराठीत ‘कालवे’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक, पाणी वाहून नेणारे पाट. दुसरा, खडकाला चिकटून राहणारे खाद्य शिंपले. ब्राझीलमधील सांतोस बंदराचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास या दोन अर्थांच्या मधोमध घडला आहे. शहराला मरणाच्या दाढेतून सोडवण्यासाठी कालवे खोदले गेले, आणि शहराने बाहेर टाकलेले बरेच काही शिंपल्यांच्या शरीरात जाऊन पोहोचले. त्यात आता कोकेनही आहे.

२/
सांतोसला १५४६ मध्ये नगराचा दर्जा मिळाला, पण पुढची तीन शतके ते एक लहानसे, दलदलीने वेढलेले बंदरच राहिले. त्याचे नशीब पालटले ते कॉफीने. बोरघाटातून १८६३ मध्ये रेल्वे धावू लागली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६७ मध्ये, एका ब्रिटिश कंपनीने ‘सेरा दो मार’चा तसाच अवघड कडा उतरवून साओ पाउलोच्या पठारावरची रेल्वे सांतोसच्या धक्क्यापर्यंत आणली. पठारावरची कॉफी समुद्राला मिळाली. एकोणिसावे शतक संपेपर्यंत सांतोस हे जगातील सर्वांत मोठ्या कॉफी बंदरांपैकी एक झाले होते.

३/
पैसा आला, तशी माणसेही आली: इटालियन आणि पोर्तुगीज स्थलांतरित, हमाल, खलाशी. त्यांच्यासाठी घरे नव्हती, शुद्ध पाणी नव्हते, मैला वाहून नेण्याची सोय नव्हती. पिवळा ताप दर उन्हाळ्यात परतायचा. नांगरून पडलेल्या जहाजांवरचे खलाशी इतक्या संख्येने दगावत, की परदेशी दर्यावर्दी सांतोसला मृत्यूचे बंदर म्हणू लागले. हा ताप डासांमुळे पसरतो हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडावे लागले. तोवर सगळा दोष दलदलीच्या दुर्गंधीवर होता. निदान चुकीचे होते, पण त्यातून सुचलेला उपाय, म्हणजे दलदल सुकवणे, योगायोगाने बऱ्याच अंशी बरोबर निघाला.

४/
त्यात प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ज्या साथीचे निदान केले, आणि जिच्या बंदोबस्ताच्या जुलमातून पुण्यात रँडचा खून घडला, तीच जागतिक साथ जहाजांवरच्या उंदरांबरोबर फिरत १८९९ मध्ये सांतोसला पोहोचली. व्हितल ब्राझील, अडोल्फो लुट्झ आणि तरुण ओस्वाल्डो क्रुझ हे वैद्य तपासासाठी तेथे गेले. व्हितल ब्राझील यांना स्वतःलाच प्लेगने गाठले, ते वाचले.

५/
या साथीवरचे औषध युरोपातून येईपर्यंत थांबण्याइतका वेळ नव्हता. प्लेगची लस आणि रक्तद्रव देशातच तयार करण्यासाठी साओ पाउलोत बुतांतान आणि १९०० मध्ये रिओच्या मांगिन्योसमध्ये दुसरी संस्था उभी राहिली. मांगिन्योसची संस्था पुढे ओस्वाल्डो क्रुझ यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे नाव लक्षात ठेवावे. सव्वाशे वर्षांनी ती या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

६/
१९०५ मध्ये सांतोसच्या आरोग्य-अभियांत्रिकीची सूत्रे फ्रांसिस्को सातुर्निनो दे ब्रितो या अभियंत्याकडे आली. त्याचा विचार त्या काळाच्या पुढचा होता. पावसाचे पाणी आणि मैलापाणी एकाच गटारातून वाहू द्यायचे नाही, हे त्याचे मूळ सूत्र. पावसासाठी उघडे, सिमेंटच्या काठांचे, झाडांच्या सावलीतले कालवे. मैल्यासाठी जमिनीखालच्या बंद नळवाहिन्या. पहिला कालवा १९०७ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला. दलदल ओसरली, साथी ओसरल्या, आणि कालव्यांभोवती नवे शहर वसले. आजही सांतोसचे लोक ठिकाण सांगताना कालव्याचा क्रमांक सांगतात.

७/
मैला शहरातून बाहेर काढला खरा, पण टाकायचा कोठे? सातुर्निनोचे उत्तर होते: शांत उपसागरात नको, खुल्या समुद्रात. त्यासाठी नळवाहिनी शेजारच्या साओ व्हिसेंटेची खाडी ओलांडून पलीकडच्या इताइपूच्या भूशिरापर्यंत न्यावी लागणार होती. १९१४ मध्ये तिच्यासाठी एक झुलता पूल उभारण्यात आला. पोलादी दोरांवर तोललेला हा देखणा पूल आज पर्यटकांच्या छायाचित्रांत हमखास असतो. तो मुळात मैल्याची नळवाहिनी वाहून नेण्यासाठी बांधला गेला, हे त्या छायाचित्रांखाली क्वचितच लिहिलेले असते.

८/
शहर वाढत गेले आणि जुनी सोय अपुरी पडली. १९७० च्या दशकात जोझे मेनिनोच्या किनाऱ्यावरून समुद्राच्या तळाशी सुमारे ४ किलोमीटर लांबीची नळवाहिनी टाकण्यात आली. सांतोस आणि साओ व्हिसेंटे या दोन्ही शहरांचे मैलापाणी तिच्यातून उपसागरात जाऊ लागले. त्याआधी त्यावर काय प्रक्रिया होते? जाळ्यांतून घन कचरा गाळला जातो आणि जंतू मारण्यासाठी क्लोरीन मिसळले जाते. बाकी काम समुद्राच्या पाण्यावर सोपवलेले.

९/
येथे थोडे थांबायला हवे, कारण पुढचे सारे या मुद्द्यावर उभे आहे. कालवे, झुलता पूल आणि समुद्राखालची नळवाहिनी या तिन्ही रचना एकाच शत्रूविरुद्ध उभारल्या गेल्या: रोगजंतू. जंतूंना क्लोरीन मारते, खारे पाणी मारते, ऊन मारते. एखादा रेणू मात्र मुळात जिवंतच नसतो, त्यामुळे तो मरत नाही. सातुर्निनोला याचा दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्याच्या काळातल्या मैल्यात असले रेणू नगण्य होते. पण १९७० च्या दशकातही तोच जुना शत्रू डोळ्यांसमोर ठेवून नळवाहिनी टाकली गेली, ही गोष्ट तितकी सहज सोडून देता येत नाही. तोपर्यंत औषधी गोळ्यांचे युग केव्हाच सुरू झाले होते.

१०/
कोकेनचा प्रवास समांतर चालला होता. कोकाच्या पानांतून हा पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला तो जर्मनीत आल्बर्ट नीमान याने, १८६० मध्ये. पुढची काही दशके तो औषध म्हणून जगभर उघडपणे विकला गेला, ब्राझीलमध्येही. १९२१ च्या कायद्याने तेथे त्याच्या बेकायदा विक्रीला शिक्षा ठरली. १९९० च्या आसपास साओ पाउलोत ‘क्रॅक’ हे त्याचे स्वस्त, ओढायचे रूप आले आणि व्यसन गरिबांच्या वस्त्यांत शिरले. साओ पाउलोपासून सांतोस घाट उतरला की लागते.

११/
समुद्रातले विष शिंपल्यांकडून मोजून घ्यायचे, ही कल्पना १९७५ मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकी समुद्र-रसायनतज्ज्ञाने मांडली. मसल जातीचे शिंपले, कोकण-गोव्यातल्या शिनाण्यांचे भाईबंद, जागचे हलत नाहीत आणि दिवसभर पाणी गाळत राहतात. एक शिंपला तासाला एखाद-दोन लिटर पाणी सहज गाळतो. त्या पाण्यात जे असेल त्यातला काही भाग त्याच्या मांसात साठतो. पाण्याचा नमुना एका क्षणाचे सांगतो. शिंपला कित्येक आठवड्यांचा हिशेब देतो. अमेरिकेत १९८६ पासून असे सरकारी सर्वेक्षण सुरू झाले. त्यात आधी मोजले गेले ते जड धातू, डीडीटी आणि तेलाचे अंश. मादक पदार्थांचा विचार त्या वेळी कोणाच्या मनात नव्हता.

१२/
ती वाट इटलीत फुटली. मैलापाण्यातून शहराच्या व्यसनाचा अंदाज बांधता येईल, असे अमेरिकेतील ख्रिश्चन डॉटन याने २००१ मध्ये सुचवले होते. २००५ मध्ये मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेतील एत्तोरे झुक्कातो आणि सहकाऱ्यांनी पो नदीच्या पाण्यात तसा शोध घेतला. नदीतून रोज सुमारे ४ किलो कोकेनइतका ऐवज वाहत होता. त्यांनी मोजले ते मुख्यतः बेंझॉइलएक्गोनिन. कोकेन यकृतातून गेले की हा अवशेष तयार होतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. कोकेन माणसाच्या शरीरातून जाऊन आले, याची ती पावतीच म्हणायची.

१३/
आता पुन्हा सांतोस. कामिलो सेआब्रा पेरेरा आणि सहकाऱ्यांनी नळवाहिनीच्या परिसरातील समुद्राचे पाणी तपासले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्तदाबाची, तापाची, वेदनाशामक अशी अनेक औषधे सापडली. कॅफिन सापडले, कॉफीच्या बंदरात ते निघावे यात एक विचित्र न्याय आहे. आणि कोकेन सापडले, लिटरमागे १२.६ ते ५३७ नॅनोग्रॅम. म्हणजे त्याची पातळी कॅफिनच्या जवळपास पोहोचली होती. बेंझॉइलएक्गोनिनही होते, पण कोकेनपेक्षा कमी. माणसाच्या लघवीत सहसा याच्या उलट असते. त्यामुळे काही कोकेन शरीरात न जाताच गटारात पडत असावे, असा तर्क करता येतो.

१४/
नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. वरची सर्वांत मोठी संख्या धरली, तरी एक ग्रॅम कोकेन जमवायला साडेअठरा लाख लिटरहून अधिक समुद्र गाळावा लागेल. म्हणून ‘शिंपले खाऊन नशा चढेल का?’ हा वर्तमानपत्री प्रश्न बाजूला ठेवलेला बरा. खरा प्रश्न शिंपल्याचा आहे. त्याला पळता येत नाही.

१५/
शिंपल्याला मेंदू नाही. असतात ते चेतापेशींचे काही पुंजके. पण डोपामिन आणि सेरोटोनिन ही निरोप पोहोचवणारी रसायने त्याच्याकडेही आहेत, आणि तीच माणसाकडेही आहेत. शिंपल्याच्या कल्ल्यांवर केसांहून बारीक असंख्य रोम असतात. त्यांच्या वल्हवण्याने पाणी आत येते, त्यातून श्वास आणि अन्न दोन्ही मिळतात. हे रोम सेरोटोनिनने वेग घेतात, डोपामिनने मंदावतात. बीजे पाण्यात सोडण्याची वेळही सेरोटोनिन ठरवते. शिंपल्यांची पैदास करणारे त्याचे इंजेक्शन देऊन हे घडवून आणतात. कोकेनचे मुख्य काम कोणते? ही दोन रसायने वापरून झाल्यावर पेशीत परत जाऊ न देणे. माणसात याला नशा म्हणतात. शिंपल्यात श्वास, भूक आणि प्रजनन या तिन्हींच्या लगामाला हात लागतो.

१६/
सांतोसच्या प्रयोगशाळांत स्थानिक ‘पेर्ना पेर्ना’ जातीचे शिंपले क्रॅक मिसळलेल्या पाण्यात ठेवून पाहण्यात आले. २०१७ पासून निष्कर्ष येत गेले. बीजफलन आणि अळ्यांची वाढ बिघडली ती लिटरमागे मिलिग्रॅमच्या पातळीवर, म्हणजे उपसागरात आढळणाऱ्या प्रमाणाच्या हजारो पटींनी वर. एवढ्यावर थांबले तर चिंता करण्यासारखे फारसे नाही. पण पेशींची कथा निराळी निघाली. पेशीतला कचरा पचवणाऱ्या लायसोसोम नावाच्या पिशव्यांची आवरणे त्याहून कितीतरी कमी, मायक्रोग्रॅमच्या पातळीवरच ढिली पडू लागली. जनुकीय द्रव्यालाही इजा दिसली. २०२२ च्या एका अभ्यासात तर समुद्रात प्रत्यक्ष असते तेवढ्याच कोकेनने शिंपल्याचे चेता-संप्रेरकांचे व्यवहार आणि ऊर्जेचा साठा विस्कळीत झाल्याचे आढळले. शिंपला मरत नाही. इतर कामांची ऊर्जा डागडुजीत खर्ची पडते.

१७/
सांतोस हे आज लॅटिन अमेरिकेतील सर्वांत मोठे बंदर आहे आणि युरोपकडे जाणाऱ्या कोकेनचे एक मोठे दारही. कंटेनरांत दडवलेले साठे तेथे वारंवार पकडले जातात. त्यामुळे समुद्रातल्या कोकेनचा आळ साहजिकच तस्करांवर येतो. पण उपसागरातला तो अवशेष, यकृतातून गेल्याची ती पावती, दुसरीकडे बोट दाखवते. तो नळवाहिनीतून येतो: घरांतून, हॉटेलांतून, सुट्टीला किनाऱ्यावर उतरणाऱ्या गर्दीतून. तस्करांचे छायाचित्र छापणे सोपे असते. न्हाणीघराचे छापत नाहीत.

१८/
२०२४ मध्ये रिओच्या समुद्रात पकडलेल्या १३ लहान शार्क माशांची तपासणी प्रसिद्ध झाली. तेराही माशांच्या शरीरात कोकेन निघाले. तपासणारी संस्था होती ओस्वाल्डो क्रुझ यांच्या नावाची, मांगिन्योसची. जहाजातून येणाऱ्या प्लेगशी लढण्यासाठी जन्मलेली संस्था आता समुद्राकडे जाणारे विष मोजते आहे.

१९/
जोझे मेनिनोला नळवाहिनीच्या मुखाशी समुद्रात भर घालून केलेल्या जागेवर आज उद्यान आहे. टोकाला जपानी स्थलांतराच्या शताब्दीनिमित्त २००८ मध्ये उभारलेले तोमिए ओताके यांचे तांबडे शिल्प आहे आणि भोवतीच्या लाटांवर मुले सर्फिंग करतात. किनाऱ्यावर पर्यावरण खात्याचा झेंडा असतो: पोहायला पाणी योग्य असेल तर हिरवा, नसेल तर लाल. हा रंग पाण्यातल्या मैलाजन्य जिवाणूंच्या मोजणीवरून ठरतो. ब्राझीलच्या २००५ च्या जलगुणवत्ता नियमावलीत शिसे, पारा, कीटकनाशके यांच्या मर्यादा दिलेल्या आहेत. कोकेनचे नाव त्या यादीत नाही.