सापाचे अन्न: रॉटरडॅमच्या बागेपासून घरातील पेटीपर्यंत

रेल्वेच्या दोन कर्मचाऱ्यांनी १८५५ मध्ये रॉटरडॅमच्या स्थानकाजवळ पाळलेल्या पक्ष्यांतून तेथील प्राणिसंग्रहालय उभे राहिले आणि १८५७ मध्ये त्याचे पहिले संचालकपद हेन्री मार्टिन याच्याकडे आले. १८३१ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर ‘म्हैसूरचे सिंह’ हा प्रयोग गाजवणाऱ्या या पशुशिक्षकाची निवड त्या काळाची दृष्टी दाखवते, कारण प्राणी ठेवणे आणि त्याचा खेळ दाखवणे यांत तेव्हा फारसा भेद नव्हता.

सापांचे भोजनही असाच देखावा होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली स्वतंत्र सर्पगृह उघडले, तेव्हा बोआंपुढे जिवंत ससे सोडले जात. तेथेच १८५२ मध्ये नाग पेटीबाहेर काढून हाताळणारा एक रक्षक दंशाने मरण पावला. जिवंत भक्ष्य देण्याच्या प्रथेला विरोध वाढत गेला आणि १९०७ मध्ये तेथील प्राणिशास्त्रज्ञ चाल्मर्स मिचेल व पोकॉक यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या भरवणीवर निबंध लिहून मृत भक्ष्याचा पक्ष मांडला. तो न्याय्य होता, कारण कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला गंभीर जखमा करू शकतो.

मे १९४०च्या बॉम्बवर्षावात रॉटरडॅमची जुनी बाग उद्ध्वस्त झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वास्तुविशारद व्हॅन रॅव्हेस्टेन यांनी आखलेले ब्लेडॉर्प येथील नवे संग्रहालय उघडले. १९४२ मध्ये ‘लासेर्टा’ ही डच संस्था स्थापन झाली आणि टेरॅरियमचा, म्हणजे सरपटणारे प्राणी ठेवण्याच्या काचपेटीचा, छंद संघटित झाला.

घरोघरच्या पेट्यांबरोबर एक वाद आला: झाकण उघडले की अन्न येते अशी सापाची समजूत होऊन तो हातावर झेप घेईल, म्हणून त्याला वेगळ्या डब्यात भरवावे, असे काही पाळक मानत. ही भीती समजण्यासारखी असली तरी उपाय सदोष होता, कारण भक्ष्याच्या वासाने उत्तेजित झालेल्या सापाला परत उचलताना दंशाचा धोका वाढतो आणि जड पोटाने हलवला गेलेला साप खाल्लेले ओकून टाकू शकतो. पेटी केवळ अन्नासाठी न उघडता सफाई व पाण्यासाठीही उघडावी, हाताळण्यापूर्वी आकडीने, म्हणजे साप उचलण्याच्या वाकड्या टोकाच्या काठीने, अंगाला हलका स्पर्श करावा आणि गोठवलेले भक्ष्य पूर्ण वितळवून, कोमट करून लांब चिमट्याने पुढे धरावे, ही रीत अधिक सुरक्षित आहे. अजगर व बोआ यांच्या अनेक जाती उष्णतेच्या जाणिवेने नेम धरतात, त्यामुळे हात दूर ठेवणे तेथे विशेष गरजेचे ठरते. एकाच पेटीत दोन साप असतील तर मात्र भरवताना त्यांना वेगळे करावेच लागते, कारण एकच उंदीर दोघांनी पकडला तर गिळता गिळता एक दुसऱ्यालाही गिळू लागतो.