सुरीच्या धारेतला कुंभार

हाताने सुऱ्या घडवणारे कितीतरी कारागीर आज पातं कडक करायला कुंभारकामाची विजेची भट्टी वापरतात. ही अलीकडची उसनवारी वाटेल, पण लोहाराने कुंभाराकडे हात पसरण्याची ही पहिली वेळ नव्हे. गावगाड्यात दोघे वेगळे बलुतेदार, म्हणून धारेचं सगळं श्रेय आपण ऐरणीला देऊन मोकळे होतो. तेलंगणातल्या कोनासमुद्रमचं वुट्झ पोलाद पाहा. हेन्री व्हॉयसीने केलेलं तिथलं वर्णन १८३२ साली छापलं गेलं. या पोलादासाठी इराणी व्यापारी तिथवर येत. लोखंड आणि कार्बन मातीच्या मुशीत बंद करून तासन्‌तास तापवायचे, ही त्याची रीत. दक्षिणेतल्या या मुशींच्या मातीत भाताचं तूस मिसळलेलं असे. तूस जळालं तरी त्यातली सिलिका मागे राहते आणि प्रचंड आचेतही मूस टिकते. मूस फुटली की सगळा घाणा वाया. शेफील्डजवळ १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समन हा घड्याळजी चांगल्या स्प्रिंगसाठी पोलाद वितळवू लागला, तेव्हा त्याचीही अर्धी लढाई १६०० अंश सेल्सिअस सोसणाऱ्या मातीच्या भांड्याशीच होती. शेफील्डमध्ये पुढे ही माती कामगार अनवाणी पायांनी तुडवत आणि एक भांडं जेमतेम तीन वितळणी टिके. (तिथल्या सुरीवाल्यांनी हे पोलाद फार कठीण म्हणून आधी नाकारलं, ते फ्रान्सने उचललं.)

यावर कुणी म्हणेल, मूस पोलाद तयार करण्यापुरती. पात्याला पाणी देणं ही लोहाराच्या नजरेची विद्या, तिथे कुंभाराचं काय काम? आक्षेप रास्त आहे. तापलेल्या पात्याचा रंग पाहून ते नेमकं कधी बुडवायचं, हे लोहारच जाणे. पण तोच रंग भर उन्हात एक दिसतो आणि अंधाऱ्या भात्यापाशी दुसरा, शिवाय नजर शिष्याला वारशाने देता येत नाही. आच मोजण्याची गरज कुंभाराला आधी भासली, कारण त्याची भट्टी बंद असते. जोसाया वेजवुडने १७८२ साली मातीच्या तुकड्यांच्या आकुंचनावरून उष्णता मोजायचं साधन मांडलं. त्याचे आकडे चुकले, तेही थोडेथोडके नाहीत: बीड वितळायला त्याच्या मते सुमारे १८,००० अंश फॅरनहाइट लागत, प्रत्यक्षात २,२०० पुरतात. तरी डोळ्यांवर विसंबू नये, हा त्याचा आग्रह बरोबर होता. पुढे १८८६ साली बर्लिनच्या हेरमान झेगरने ठरावीक आचेला वाकणारे मातीचे शंकू केले, आणि ते जगभरच्या भट्ट्यांत पोचले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कुंभाराची भट्टी सावकाश तापते, आत हवा खेळती असते. तेवढ्या वेळात पात्याच्या पृष्ठावरचा कार्बन जळतो, वर खपल्या धरतात आणि धार मऊ पडते. भाता हे काम मिनिटांत उरकतो. मात्र साध्या कार्बन पोलादाला लागणारी ८०० अंश सेल्सिअसच्या आसपासची आच टोकापासून मुठीपर्यंत सारखी ठेवणं भात्याला जड जातं, आणि लांब पात्यात तर फारच. हवेवर उपाय दोन: पातं स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्यात गुंडाळायचं, नाहीतर त्यावर मातीचाच लेप द्यायचा.