शोधनिबंध-परीक्षण (व्यवस्थापनशास्त्र)

व्यवस्थापनशास्त्रावरील शोधनिबंध छापण्यापूर्वी तो त्याच विषयातील तज्ज्ञांकडून तपासून घेण्याची पद्धत. लेखक व परीक्षक यांची नावे सहसा एकमेकांपासून गुप्त ठेवतात. म्हणून मजकुरातून नाव, संस्था व ऋणनिर्देश काढून निबंध पाठवावा लागतो. संपादक तो आधी स्वतः वाचतो. येथेच परत जाणाऱ्या निबंधांत चुकीच्या ठिकाणी पाठवलेले पुष्कळ असतात : ‘अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नल’ (१९५८) केवळ प्रत्यक्ष माहितीवर आधारलेले संशोधन घेते, तर त्याच संस्थेचे ‘रिव्ह्यू’ (१९७६) केवळ सिद्धांतमांडणी. पुढे परीक्षकांचे अभिप्राय येतात. ‘दुरुस्त करून पुन्हा पाठवा’ हा निर्णय नवख्याला नकार वाटतो. वस्तुतः ते शुभचिन्हच. प्रत्येक आक्षेपाचे मुद्देसूद उत्तर मात्र जोडावे लागते. एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणे गैर मानतात.

भारतात आयआयएम अहमदाबादचे ‘विकल्प’ १९७६ पासून निघते. पैसे घेऊन परीक्षणाविना छापणाऱ्या नियतकालिकांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘केअर’ यादी केली. तिचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चाले. २०२५ मध्ये ती यादी बंद झाली. नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता लेखकावर व त्याच्या संस्थेवर आहे.