फुकटच्या ईमेलचं मीटर

२००१ सालचा श्रावण आहे आणि तुम्ही अलिबागच्या एसटी स्टँडजवळ एका सायबर कॅफेत बसला आहात. पावसामुळे गेटवे-मांडवा लाँच बंद आहेत. गाळ्यात कॉम्प्युटर तीन, फोनची लाइन एकच. मालकाने दटावून ठेवलंय, "आतला रिसीव्हर कुणी उचलायचा नाही, लाइन तुटते."

शेजारी रेवदंड्याच्या मावशी बसल्यात, बेने इस्रायल म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजाच्या. लेक लग्न होऊन इस्रायलमधल्या अश्दोदला गेली आहे. पूर्वी तिची ख्यालीखुशाली विचारायची तर एअरमेल टाकून उत्तराची आठवडे न् आठवडे वाट पाहावी लागे. आज बुधवार. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागण्याआधी तिला निरोप पोचायला हवा.

तुम्ही डायल करता. मॉडेम आधी टुकटुक नंबर फिरवतो, मग शिट्टी, मग कर्कश खरखर. लाइनवर पावसाचं पाणी उतरलं असेल तर जोडणी अर्ध्यातच गळते. अखेर लागतं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दोन इवलेसे कॉम्प्युटर लुकलुकू लागतात. रेडिफमेलचं पान वरून पट्ट्यापट्ट्यांनी उतरतं, आधी जाहिरात, मग पत्र.

पत्र आलं की पहिलं काम लाइन तोडायचं. मजकूर पडद्यावर राहतोच, मग निवांत वाचायचा. मराठी आहे, पण रोमन अक्षरांत. तुम्ही अडखळत मोठ्याने वाचता. "नातवाला दात आला? परत वाच रे बाळा," मावशी म्हणतात. त्या सांगतात ते उत्तर नोटपॅडमध्ये टाइप करून ठेवायचं, मग पुन्हा डायल करायचं, चिकटवायचं, पाठवायचं.

हा सगळा आटापिटा फोनच्या मीटरसाठी. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सामान्यांसाठी खुलं केलं तेव्हा ते महागडं होतं. १९९८च्या अखेरीस खासगी कंपन्या उतरल्या आणि दर घसरले. कोलकात्याच्या कॅलटायगरने तर जाहिरातींच्या भरवशावर जोडणीच फुकट देऊ केली. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ला सुरू केलेल्या हॉटमेलने ईमेल आधीच फुकट करून ठेवला होता. फोनचं बिल मात्र कुणालाच चुकलं नाही. तीन मिनिटांना एक कॉल धरला तरी तासाचे वीस कॉल पडत.

तरीही मला वाटतं, या किनाऱ्यावर फुकट ईमेलइतकं उपयोगी दुसरं काही त्या काळात आलं नाही. श्रीवर्धन-म्हसळ्याची मुलं आखातात, रेवदंड्याच्या लेकी इस्रायलमध्ये. पैसेवाल्यांना आयएसडी म्हणजे परदेशी फोन होता, बाकीच्यांना हेच.

आणि याच पत्रांची सर्वांत जास्त हेळसांड झाली. हॉटमेलची फुकट पेटी तेव्हा जेमतेम २ एमबीची, म्हणून जुनी पत्रं पुसावी लागत. काही काळ उघडली नाही तर सगळी पेटीच रिकामी व्हायची. २००४मध्ये जीमेलने १ जीबी जागा दिली, तोवर पहिल्या वर्षांचं बरंचसं गेलं होतं.

तुमच्या घरात कुणाचा तेव्हाचा ईमेल पत्ता अजून चालू असेल, तर पासवर्ड आठवत असेपर्यंत तो उघडा आणि जी पत्रं उरली असतील ती कागदावर छापून घ्या.