रस्ता कोणी बांधला?



बरेच दिवस इथे काही लिहिले नाही. परवा पुण्याच्या नणंदबाईंनी फोनवर विचारलेच, "वहिनी, तुम्ही त्या अलास्का हायवेवर लिहिणार होतात, त्याचं काय झालं?" खरे सांगायचे तर मी दोन-तीनदा लिहायला बसले. पण प्रवासवर्णन लिहायला घेतले की माझी गाडी दर वेळी इतिहासाकडे वळते. बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, त्याची ही सवय! तेव्हा हा लेख प्रवासाचा कमी आणि इतिहासाचाच जास्त आहे. चालवून घ्या. :)

तर २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही दोघे कॅनडात लेकीकडे एडमंटनला होतो. जावयांना बारा दिवसांची रजा मिळाली आणि त्यांनी बेत काढला : उत्तरेला युकॉनपर्यंत गाडीने जायचे. जाऊन-येऊन जवळजवळ पाच हजार किलोमीटर! ह्यांचे गुडघे आणि माझे वय पाहता लेक जरा कुरकुरली, पण अकरा वर्षांच्या नातवाने आमच्या बाजूने मत दिले आणि ठराव मंजूर झाला.

तिकडे सप्टेंबर संपता संपता हिवाळा दाराशी येतो. ब्रिटिश कोलंबियातल्या उत्तरेकडच्या रस्त्यांवर १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे असतात. जावयांनी ते आधीच बसवून घेतले. शिवाय डिकीत घोंगड्या, फावडे, पेट्रोलचा जादा कॅन, मेणबत्त्या, आणि लेकीने केलेले मेथीचे ठेपले व दशम्या. वाटेतल्या कित्येक खानावळी आणि मोटेले हंगाम संपवून दारांना फळ्या ठोकण्याच्या तयारीत होती. पेट्रोलपंप दिसला की टाकी भरायची, पुढचा उघडा असेलच असे धरायचे नाही, हा नियम.

डॉसन क्रीक या गावात 'मैल शून्य'चा खांब आहे. अलास्का हायवे इथे सुरू होतो आणि अलास्कातल्या डेल्टा जंक्शनला, ऐतिहासिक मोजणीप्रमाणे १,४२२ व्या मैलावर, संपतो. खांबाजवळ फोटो काढताना नातवाने विचारले, "आजी, हा रस्ता कोणी बांधला?"

मी शिक्षिकेच्या तयारीने उत्तर दिले, "अमेरिकन लष्कराने. १९४२ साली."

"लष्कराने म्हणजे कोणी?"

पोरांचे प्रश्न असे साधे असतात आणि आपली पंचाईत होते. पुढचे दहा-अकरा दिवस मी त्या प्रश्नाचे उत्तर शोधत होते असे म्हटले तरी चालेल.

आधी पार्श्वभूमी सांगते. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अलास्का हा तेव्हा अमेरिकेचा प्रदेश होता, पण उरलेल्या देशाशी त्याला जोडणारा रस्ताच नव्हता. समुद्रमार्ग जपानने तोडला तर काय, ही भीती. कॅनडाच्या त्या रानात विमानांसाठी छोटे छोटे तळ मात्र होते. त्यांना एका दोरीत ओवणारा रस्ता करायचा असे ठरले. फेब्रुवारी १९४२ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी मंजुरी दिली आणि ८ मार्चला काम सुरू झाले. जूनमध्ये जपानने अलास्काच्या अॅटू आणि किस्का या बेटांवर सैन्य उतरवले, तेव्हा घाई आणखी वाढली. पुढचा हिवाळा घट्ट बसायच्या आत, डोंगर, दलदल आणि नद्या ओलांडत आरपार वाट काढायची होती. आणि ती निघाली, आठ महिन्यांपेक्षाही कमी काळात.

दहा हजारांहून अधिक सैनिक या कामावर होते. त्यांतले जवळपास एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते, आणि हे मला त्या प्रवासापर्यंत माहीत नव्हते. तेव्हा अमेरिकेच्या लष्करात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत, त्यांचे अधिकारी मात्र गोरे. अलास्कातल्या सैन्याचे प्रमुख जनरल सायमन बकनर यांनी तर काळ्या तुकड्या तिकडे पाठवायला पत्र लिहून विरोध केला होता. माणसे कमी पडली म्हणूनच त्यांना पाठवले. शिवाय गावांपासून त्यांना लांब ठेवायचे, असा शिरस्ता. ९५ व्या रेजिमेंटची तर यंत्रसामग्री काढून गोऱ्या पलटणीला दिली आणि यांच्या हाती कुऱ्हाडी, करवती, फावडी ठेवली. यांतले बरेच जण दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांतून आलेले.

सिकॅनी चीफ नावाची नदी लागली तेव्हा जावयांनी गाडी बाजूला घेतली. पाणी गार आणि वेगवान होते, काठावरची झाडे हळदीसारखी पिवळी झालेली. याच नदीवर ९५ व्या रेजिमेंटने जुलै १९४२ मध्ये चार दिवसांच्या आत लाकडी पूल उभा केला. छातीएवढ्या बर्फगार पाण्यात उभे राहून, रात्री ट्रकच्या दिव्यांच्या उजेडात. वेळेत पूल होईल यावर सैनिकांनी आपल्या पगाराची पैज लावली होती म्हणतात. मी काठावर जाऊन पाण्यात बोटे बुडवली. अर्ध्या मिनिटात बाहेर काढली.

कष्ट सगळ्यांच्याच वाट्याला आले, हेही सांगायला हवे. फोर्ट सेंट जॉनच्या पुढे चार्ली लेक हे तळे लागते. १४ मे १९४२ ला सैनिक आणि सामान घेऊन जाणारा एक तराफा तिथे वादळात बुडाला. बारा जण गेले. किनाऱ्यावर राहणाऱ्या गस हेडिन नावाच्या फासेपारध्याने एकट्याने होडी वल्हवत नेऊन पाच जणांना वाचवले. तळ्याकाठी आता स्मारक आहे.

फोर्ट नेल्सन सोडल्यावर आमचा खरा उत्तरेचा प्रवास सुरू झाला. समिट लेकच्या खिंडीत पहिले बर्फ भेटले. भुरभुर पडत होते, पण जावयांचे बोलणे एकदम बंद झाले आणि ह्यांनी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली, हे ओठांवरून कळत होते. तासभर समोरून एकही गाडी आली नाही. लिअर्डच्या गरम झऱ्यांपाशी रानरेड्यांसारखे बायसनचे कळप रस्त्यातच उभे. ते हलेपर्यंत थांबायचे, दुसरा इलाज नाही.

वॉटसन लेकला मात्र मजा आली. १९४२ मध्ये कार्ल लिंडली नावाच्या सैनिकाला इथे पाट्या दुरुस्त करण्याचे काम मिळाले. घराच्या आठवणीने त्याने आपल्या डॅनव्हिल गावाची पाटी आणि अंतर त्या खांबावर ठोकले. नंतर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आपापल्या गावाच्या पाट्या लावल्या आणि आज तिथे हजारो पाट्यांचे रानच झाले आहे. नातू म्हणाला, "आपणही लावायला हवी होती." आमच्याकडे पाटी नव्हती.

टेस्लिन हे लिंगिट लोकांचे गाव, लांबलचक सरोवराच्या काठी. तिथे उत्तराचा दुसरा भाग मिळाला. रस्त्याची आखणी करणाऱ्यांना वाटा दाखवल्या त्या बऱ्याच ठिकाणी तिथल्या आदिवासी वाटाड्यांनी. (आपल्या बोरघाटातला शिंगरोबा आठवला. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा तो धनगर, अशी कथा आहे ना?) बदल्यात त्यांना काय मिळाले? बाहेरच्या माणसांबरोबर गोवर, फ्लू, कावीळ अशा साथी आल्या आणि १९४२-४३ मध्ये टेस्लिनसारख्या वस्त्यांत घरोघरी माणसे अंथरुणाला खिळली. पुढे क्लुएन सरोवराकडे तर आणखी वेगळे घडले. बाहेरून आलेल्या सैनिकांना आणि कामगारांना शिकारीचे परवाने दिले गेले. मग जनावरे संपतील अशी भीती वाटू लागली, म्हणून १९४३ मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच शिकार करून जगणाऱ्या स्थानिकांनाच बंदी झाली.

क्लुएन सरोवराच्या वर 'सोल्जर्स समिट' आहे. २० नोव्हेंबर १९४२ ला कडाक्याच्या थंडीत इथे फीत कापून रस्ता खुला झाला. फीत कापली मंत्र्यासंत्र्यांनी. धरून उभे राहिलेल्या सैनिकांत एक होता रिफाइन्स सिम्स, ९७ व्या रेजिमेंटचा कृष्णवर्णीय जवान. त्याची गोष्ट अशी की, २५ ऑक्टोबरला बीव्हर क्रीकजवळच्या रानात अलास्काकडून बुलडोझर घेऊन तो येत होता. समोरून झाडे मोडण्याचा आवाज आला आणि दक्षिणेकडून आलफ्रेड जलुफ्का हा गोरा सैनिक दुसऱ्या बुलडोझरवरून पुढे आला. रस्ता जुळला! दोघांचा हात मिळवतानाचा फोटो प्रसिद्ध आहे. दोघेही हसत आहेत. एकाच लष्करातल्या या दोघांच्या पलटणी वेगळ्या होत्या, आणि तो भेदभाव संपवण्याचा हुकूम निघायला १९४८ साल उजाडले. अलास्कातल्या गर्स्टल नदीवरच्या पुलाला या कृष्णवर्णीय सैनिकांच्या स्मरणार्थ नाव दिले गेले ते १९९३ मध्ये. म्हणजे पन्नास वर्षांनी.

इथे माझ्यातल्या शिक्षिकेला एक टोचणी लागली. डिसेंबर १९४२ मध्ये आपल्या आसामात लेडोहून ब्रह्मदेशाकडे असाच एक युद्धाचा रस्ता सुरू झाला. त्यावरही अमेरिकेचे हजारो कृष्णवर्णीय सैनिक होते आणि त्यांच्याबरोबर हजारो भारतीय मजूर. दुसरे महायुद्ध मी इतकी वर्षे शिकवले. कारणे, परिणाम, तह, सनावळ्या. या मजुरांविषयी एक वाक्य कधी वर्गात बोलले नाही. आणि शेरशहाने 'रस्ता बांधला' हे वाक्य मात्र दरवर्षी फळ्यावर लिहिले.

ही टोचणी मलाच का लागावी, ते आता सांगते. इथल्या बऱ्याच वाचकांना हे माहीत नाही, काही नातेवाइकांनाही नसेल.

डिस्ट्रक्शन बे ते बीव्हर क्रीक हा पट्टा गोठलेल्या जमिनीवरचा आहे. १९४२ मध्ये सैनिकांनी झाडे आणि शेवाळ खरवडून काढले, तर ऊन लागून खालचे बर्फ वितळले आणि बुलडोझर चिखलात रुतले. मग शहाणे होऊन त्यांनी शेवाळ तसेच ठेवले, वर ओंडके आडवे अंथरले आणि त्यावर खडी टाकली. आता हवामान तापते आहे, जमीन पुन्हा वितळते आहे आणि रस्ता लाटांसारखा वरखाली होतो, तडकतो. दर उन्हाळ्यात दुरुस्ती चालते. आम्ही गेलो तेव्हा हिवाळ्याआधीचे शेवटचे काम सुरू होते. ओसाड रानात एक बाई हातात 'थांबा'ची पाटी घेऊन एकटीच उभी होती. नाक लाल झालेले. आम्ही वीस मिनिटे थांबलो. मी थर्मासमधला चहा तिला नेऊन दिला.

गाडीत परत बसले आणि मला रडू आले. सगळे घाबरले. मग मी सांगितले.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, कुंभार्ली घाटात मैलकुली होते. चार मैलांचा तुकडा त्यांच्याकडे. पावसाळ्याआधी गटारे आणि मोऱ्या साफ करायच्या, खड्डे बुजवायचे, झाडांना चुना-गेरूचे पट्टे ओढायचे. पावसात दरड कोसळली की लाल बावटा घेऊन वळणावर उभे राहायचे, डोक्यावर इरले. त्या पगारावर त्यांनी मला बी.ए. केले. आणि मी? शाळेत कोणी विचारले तर सांगायची, "वडील बांधकाम खात्यात आहेत." लग्नाच्या बोलणीतही तेच सांगितले गेले. अण्णांनी ते ऐकले होते. काही बोलले नाहीत. नंतरही कधी नाही. ते जाऊन आता चाळीस वर्षे होतील.

हे म्हणाले, "मला माहीत होतं. मामांनी सांगितलं होतं." पन्नास वर्षांच्या संसारात हे मला त्या दिवशी कळले!

अमेरिकेचा व्हिसा नव्हता, त्यामुळे बीव्हर क्रीकहून माघारी फिरलो. व्हाइटहॉर्सला नातवाने बाबांना दुकानात नेले आणि एक फळी आणि काळा रंग घेऊन आला. वॉटसन लेकला पोहोचलो तेव्हा खांबांवर बर्फ साचले होते. जावयांनी खिळे ठोकले. फळीवर त्याने वाकड्यातिकड्या देवनागरीत लिहिले होते, "कुंभारली घाट. पणजोबांचे चार मैल."

'कुंभार्ली' चुकले होते. मी दुरुस्त केले नाही.

असो. फोटो खाली लावला आहे.