आधी गॅरेज, मग गाडी

मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या पट्ट्यात जुनी गाडी घ्यायची तर आधी गॅरेज बघायचं आणि मग गाडी, हा रिवाज फार जुना आहे. माझ्या वडिलांनी सत्तरच्या दशकात फियाट घेतली ती याच हिशेबाने. आता माझी भाची बोरिवलीत गाडी शोधते आहे, तर मीही तिला पहिला प्रश्न हाच विचारला: घराजवळ ही गाडी खोलून नीट परत बसवणारा माणूस आहे का? किंमत, अ‍ॅव्हरेज, रंग हे सगळं त्याच्यानंतर. असं मी का म्हणते ते सांगायचं तर कुर्ल्यापासून सुरुवात करावी लागेल.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात. पन्नाशीच्या दशकात फियाट आली. त्यातली गोल पाठीची ११०० म्हणजे सगळ्या महाराष्ट्राची ‘डुक्कर फियाट’. १९६४ मध्ये तिची जागा कोनदार अंगाच्या डिलाइटने घेतली, आणि तीच गाडी पुढे आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. नाव बदललं, पुढची जाळी बदलली, दिवे बदलले. पण १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि मागचे पाटे या शतकाच्या तोंडापर्यंत जवळजवळ तसेच राहिले.

गाड्यांचं मासिक वाचणाऱ्याला ही नामुष्की वाटेल. जुनी गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती मोठी सोय होती. पंधरा वर्षं जुन्या डिलाइटचा दरवाजा पद्मिनीला चालायचा. एका गाडीचा कार्बोरेटर दुसरीत बसायचा. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाला लागून शेकडो पोरं एकच इंजिन शिकत मोठी झाली, आणि ज्याने एक फियाट उघडली त्याने सगळ्या उघडल्या. कारखाना हाकेच्या अंतरावर, पार्ट हाताशी, हात तयार. फियाट भरवशाची ठरली त्यात इटलीच्या आराखड्याइतकाच या तयार हातांचा वाटा होता, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा जुनी गाडी घेणं म्हणजे हात आखडणंही नव्हतं. नव्या फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. त्यामुळे आज पैसे, उद्या चावी अशी जुनी गाडी कधी कधी नव्या गाडीच्या सरकारी किमतीपेक्षा महाग जाई. आमच्या घरी फियाट आली तेव्हा वडिलांनी पेढे वाटले. ती तिसऱ्या हातची होती आणि शेजाऱ्यांना ते माहीत होतं. कुणाच्याही तोंडी ‘जुनी’ हा शब्द आला नाही.

उपनगरातल्या नोकरदाराला गाडी लागायची कशाला, असं दादरच्या दक्षिणेकडचे लोक विचारत. लोकल आहे की! लोकल आहे, पण ती उत्तर-दक्षिण धावते. १९७३ साली अंधेरीत सीप्झ आलं, शेजारी मरोळची एमआयडीसी वाढली, आणि मुलुंड-भांडुपच्या हजारो माणसांचा पगार डोंगराच्या पलीकडे गेला. रेल्वेने जायचं तर दादरपर्यंत खाली उतरून पुन्हा वर चढायचं. पूर्व-पश्चिम रेल्वे मुंबईत एकदा होऊन गेली आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९२८ साली ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीपर्यंत सेंट्रल साल्सेट ट्रामवे सुरू झाली आणि १९३४ मध्ये विमानतळासाठी ती उखडली गेली. तिच्यानंतर वर्सोवा-घाटकोपर मेट्रो धावायला २०१४ चा जून उजाडला. मधली ऐंशी वर्षं ज्यांना आडवं जायचं होतं ते बसमध्ये लोंबकळले, नाहीतर जुन्या गाडीत बसले. त्या ट्रामवेचं नाव कुर्ल्याच्या सीएसटी रोडला राहिलं, आणि त्याच रस्त्यावर जुन्या स्पेअर पार्टचा मोठा बाजार उभा राहिला.

मी मरोळला नोकरी करत होते. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि आमच्या भागातल्या गॅरेजवाल्यांनी ती नाक मुरडून पाहिली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, पुढच्या चाकांना ताकद, टायमिंगला चेनऐवजी रबरी पट्टा. ‘ही बाहुली टिकणार नाही’ असं ते म्हणत. पण उन्हाळ्यात घाटकोपरच्या सिग्नलला फियाटचा रेडिएटर उकळायचा आणि शेजारून मारुती आरामात निघून जायची. शंका तिथेच मिटली. दहाएक वर्षांत तेच हात मारुतीवर बसले, आणि सेकंडहँड ८०० ही उपनगराची नवी फियाट झाली.

मला मात्र झेन हवी होती. १९९३ ची ती झेन: ९९३ सीसी, अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, पाच गिअर, ठेंगणी बांधणी. पवईच्या चढावर तिसरा टाकून पाय दाबला की ती जी उसळी घ्यायची, तिने ऑफिसचा कंटाळा अर्ध्या वाटेत उतरायचा. रोज दोन वेळा चालवायची गाडी मजेची नसेल तर माणूस तिच्याकडे लक्ष देत नाही, आणि लक्ष न दिलेली गाडी लवकर बिघडते. म्हणून मजा ही चैन आहे असं मी कधीच मानलं नाही.

भांडुपच्या आमच्या गॅरेजवाल्या मामांना घेऊन मी झेन बघायला गेले ते अजून डोळ्यांसमोर आहे. मालकाने चावी पुढे केली. मामांनी ती घेतली नाही. बोनेटवर तळहात ठेवला, काढला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, गाडी गरम करून ठेवलीय. उद्या सकाळी येतो म्हणून सांगा, आणि आधी चालू करू नका म्हणावं.” दुसऱ्या दिवशी थंड इंजिनाला स्टार्टर दिला तेव्हा ते मागे उभे राहून सायलेन्सरकडे बघत होते: निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंग-पिस्टनचं काम आलं. मग ऑइलचं झाकण उलटं करून पाहिलं. आतून दुधासारखा फेस असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय, आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं की हेड गॅस्केट कितीही बदला, गाडी पुन्हा तापणार. शेवटी दरवाजाचं रबर ओढून खालच्या पत्र्यावरून बोट फिरवलं. कंपनीच्या वेल्डिंगचे ठिपके ठरावीक अंतरावर लागतात; ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर ते लागत नाहीत. रंग कितीही सुंदर असो, बोटाला कळतं.

२६ जुलै २००५ नंतर या तपासणीत एक नवं पान जोडलं गेलं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीकाठचं कुर्ला, कलिना पाण्याखाली गेलं आणि हजारो गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. त्यातल्या कितीतरी वाळवून, धुऊन, नवी कव्हरं चढवून बाजारात आल्या. तेव्हापासून मामा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघू लागले. धुणारा माणूस बाहेरचा हातभर पट्टा धुतो. आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची तपकिरी रेघ तशीच राहते. स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, सीटच्या रुळांवर गंज, आणि एसी लावल्यावर पहिल्या मिनिटाला येणारा कुबट वास. ही खूण आजही चालते, कारण कुर्ला आजही तुंबतं.

कुर्ल्याच्या कारखान्यातून २००१ साली फियाट पॅलिओ बाहेर पडली. सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत होता. तिचं १.६ लिटरचं इंजिन शंभर अश्वशक्तीचं, दरवाजा बंद करताना तिजोरीसारखा आवाज, आणि वळणावर ती रस्त्याला अशी चिकटायची की त्या किमतीत तोड नव्हती. काही वर्षांतच सेकंडहँड बाजारात तिचा भाव कोसळला. स्वस्त होती, मजेची तर होतीच. पण पुढे फियाटचं उत्पादन रांजणगावला गेलं, आणि २०१९ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणंच थांबवलं. ज्या गावात ती जन्मली त्याच गावात तिचा सेन्सर शोधत लोक सीएसटी रोडची दुकानं पालथी घालू लागले. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं, तेव्हा फिगोच्या मालकांच्या पोटातही असाच गोळा आला. मला या गाड्या मनापासून आवडतात. तरीही ज्याला रोज साडेनऊला पंचिंग करायचं आहे त्याने दुसरी गाडी हाताशी नसेल तर त्या घेऊ नयेत.

भाचीचा रस्ता बोरिवली ते पवई. द्रुतगती महामार्गावर मेट्रो आहे, पण जोगेश्वरीपासून पवईपर्यंतच्या टप्प्यावर मेट्रो ६ चं काम अजून चालू आहे, म्हणून तिला गाडी हवी. दिल्ली पासिंगची एक डिझेल गाडी तिला फार स्वस्तात मिळत होती. तिकडे दहा वर्षांवरची डिझेल चालवायला बंदी आली होती, म्हणून तशा गाड्या इतर राज्यांत उतरू लागल्या. एनओसी आणायची, इथला रस्ता कर भरायचा, पुन्हा नोंदणी करायची. स्वस्ताई त्यात विरते. ती यादीतून मी काढून टाकली.

उरली २०१५ ची पेट्रोल स्विफ्ट, बोरिवली पासिंगची, एकाच मालकाची. ११९७ सीसीचं हे इंजिन किती मॉडेलांत बसलं आहे ते पाहिलं की मला फियाटचे दिवस आठवतात: पार्ट गल्लीत मिळतो आणि कुठलाही हुशार पोरगा ते उघडू शकतो. वळणावर ती चपळ आहे, क्लच हलका आहे. पंधरा वर्षांची नोंदणी २०३० मध्ये संपेल, मग फेरनोंदणी आणि पर्यावरण कर, हे पैसे आजच्या भावातून कमी करून मागायचे. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, विक्रीचे २९ आणि ३०, आणि आरसीवर भाचीचं नाव चढेपर्यंत काही रक्कम हातात राखून ठेवायची. मामा आता थकले आहेत. त्यांचा मुलगा गॅरेज चालवतो, आणि तो रविवारी सकाळी सातला बोरिवलीला येणार आहे. गाडी आधी चालू करू नका, असा निरोप मालकाला दिला आहे.